सांता मारियाची सुट्टी आणि नणंदेची ड्यूटी

पत्र: माझी नणंद तीन वर्षांपासून माल्टाला नर्स आहे. मोस्टा नावाच्या गावात भाड्याने राहते. ती कधीची म्हणतेय, "वहिनी, 15 ऑगस्टला या, सांता मारिया असते, आमच्या गावची जत्राच म्हणा." मिस्टरांना कल्पना आवडली, कारण 15 ऑगस्टला आपल्याकडेही सुट्टी, म्हणजे रजा वाचते. त्यांनी एक्सेल शीट केली आहे: शुक्रवारी 14 ला पोचायचं, 15 ला राजधानी व्हॅलेटा, 16 ला गोझो बेट, 17 ला जमिनीखालचं मंदिर, 18 ला ब्लू लगून, 20 ला परत. आम्ही चौघं आणि सासूबाई. त्या एकाहत्तर वर्षांच्या, बीपी आहे, श्रावण पाळतात. आता ऑफिसातली एक जण म्हणते, त्या आठवड्यात तिथे सगळं बंद असतं, उगाच पैसे वाया घालवू नका. तारीख बदलू का? मुलांच्या शाळेला सांगायचं आहे, म्हणून लवकर कळवाल का?
(ठाण्याहून एक वाचक)

उत्तर:

तारीख बदलू नका, शीट बदला.

पण आधी रजेचं बोलू. तुमच्या मिस्टरांनी कॅलेंडर उघडलं नाही असं दिसतं. 2026 मध्ये 15 ऑगस्ट शनिवारी येतो. त्यांच्या ऑफिसला शनिवारी सुट्टी असेल, तर वाचलेली रजा शून्य. हे मी कुरापत काढायला सांगत नाही. सगळा बेत "रजा वाचते" या खुंटीवर टांगलाय आणि ती खुंटीच भिंतीत नाही, एवढंच. रजा वाचवण्यासाठी ऑगस्टात माल्टाला जाण्यात अर्थ नाही. तेव्हा ऊन बत्तीस-तेहतीस अंशांचं, विमानाची तिकिटं महाग, आणि शेजारच्या इटलीतही 15 ऑगस्टची मोठी सुट्टी असल्यामुळे निम्मी इटली समुद्राकडे निघालेली असते. जायचं असेल तर त्या जत्रेसाठी जा. ते कारण पुरेसं आहे, आणि तुमच्या नणंदेनेही त्याच कारणाने बोलावलंय.

आता तुमच्या मैत्रिणीचं "सगळं बंद". अर्धं खरं आहे. माल्टात वर्षाला 14 सार्वजनिक सुट्ट्या असतात. एवढ्याशा देशाला पाच राष्ट्रीय दिवस: 31 मार्च, 7 जून, 8 सप्टेंबर, 21 सप्टेंबर आणि 13 डिसेंबर. स्वातंत्र्य 1964 चं, प्रजासत्ताक 1974 चं, शेवटचं ब्रिटिश सैन्य गेलं ते 1979 मध्ये. यातला खरा दिवस कोणता यावर तिथल्या दोन मोठ्या पक्षांचं एकमत होईना, म्हणून सगळेच ठेवले. आपल्याकडे घरात दोन गुरू असले की दोन्ही फोटो लावतात, तसं. या सगळ्यांत 15 ऑगस्टचं वजन मात्र वेगळं. त्या आठवड्यात कारखाने, बांधकामं, सुतार, प्लंबर, गल्लीतली छोटी दुकानं थंड पडतात. आपल्याकडे लक्ष्मीपूजनानंतर भाऊबीजेपर्यंत कुणी फोन उचलत नाही, अगदी तसं. हॉटेलं, समुद्रकिनारे, फेरी, बस मात्र सुरू. पर्यटनावर जगणारा देश आहे तो, ऑगस्टात कुलूप लावून त्याला परवडेल कसं?

तुमच्या शीटवरच्या दोन ओळी मात्र अडतात, एक कुलपामुळे, दुसरी गर्दीमुळे, आणि त्या दोन्ही नेमक्या चुकीच्या दिवशी पडल्यात.

पहिली, 15 ला व्हॅलेटा. व्हॅलेटात लोक मुख्यतः बघायला जातात ते सेंट जॉन्सचं को-कॅथेड्रल हे मोठं चर्च, आणि तिथलं इटालियन चित्रकार काराव्हाजोने 1608 मध्ये रंगवलेलं योहानाच्या शिरच्छेदाचं प्रचंड चित्र. ते रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला पर्यटकांसाठी बंद असतं. म्हणजे शनिवारी सुट्टीमुळे बंद, दुसऱ्या दिवशी रविवार म्हणून बंद. सरकारी वस्तुसंग्रहालयं आणि प्राचीन मंदिरं यांचं तसं नाही. ती गुड फ्रायडे आणि नाताळ-नववर्षाचे मोजके दिवस सोडले तर बहुतेक सुट्ट्यांना उघडी असतात.

दुसरी ओळ, 16 ला गोझो. इथे मी स्वतः पोळले आहे. माल्टाच्या लोकांची सांता मारिया म्हणजे गोझो. मुंबईकर 31 डिसेंबरला लोणावळ्याला सुटतात तसे हे लोक गाड्यांवर गाद्या, कूलर, कुत्री लादून उत्तरेच्या टोकाला चिरकेव्वा धक्क्यावर येतात आणि फेरीच्या रांगेत उभे राहतात. फेरीचा प्रवास सगळा मिळून पंचवीस मिनिटांचा. मी एका 14 ऑगस्टला भाड्याच्या गाडीत त्या रांगेत दोन तास बसले होते. पुढच्या गाडीतल्या आजीबाईंनी शेवटी दार उघडून रस्त्यातच घडीची खुर्ची मांडली आणि टरबूज कापायला घेतलं. एक फोड मलाही दिली. टरबूज गोड होतं, पण दोन तास ते दोन तासच. तुमचं कुटुंब 16 ला जाणार, म्हणजे तोच लोंढा तिथे असताना. गाडी न घेता पायी फेरीत चढलात तर रांग बरीच कमी लागते. शिवाय व्हॅलेटाहून थेट गोझोला जाणारी वेगवान बोट आहे, पाऊण तासाची, तिच्यात गाड्या नसतात. पण सासूबाईंना घेऊन त्या शनिवार-रविवारी नकोच. लोंढा ओसरू द्या.

तर माझ्या मते असं करा. मंगळवारी 11 ला पोचा. बुधवारी सकाळी लवकर व्हॅलेटा, को-कॅथेड्रल आणि वरच्या बराक्का बागेतून दिसणारं ग्रँड हार्बर. गुरुवारी इम्दिना, जुनी तटबंदीची राजधानी. आत गाड्या जवळजवळ नाहीत, गल्ल्या सावलीच्या आहेत, सासूबाईंना झेपेल. शुक्रवार-शनिवार मोस्टा सोडायचं नाही. रविवारी झोपा काढा. सोमवारी 17 ला पहिला श्रावणी सोमवार आहे, सासूबाईंचा उपास असेल, तेव्हा त्या दिवशीही धावपळ नको, फार तर संध्याकाळी समुद्रावर. मंगळवार-बुधवार गोझो, एक रात्र तिथेच राहून. गुरुवारी परत. म्हणजे फक्त तीन दिवस आधी निघायचं आहे, आणि रजाही तेवढ्याच तीन वाढतात. हे मिस्टरांना तुम्ही सांगा, माझं नाव घेतलं तरी चालेल.

ब्लू लगून मी मुद्दामच काढलंय. कोमिनो नावाच्या बेटावरची ती निळी खाडी फोटोत दिसते तशी खरोखर आहे, पण ऑगस्टात त्या निळ्या पाण्याच्या काठावर बसायला टॉवेलभर जागा नसते आणि सावली तर नाहीच. गर्दी इतकी झाली की अलीकडे एका वेळच्या माणसांवर मर्यादा घालून आधी ऑनलाइन नोंदणी सुरू करावी लागली. मुलं हट्टाला पेटलीच तर नोंदणी करून सकाळची पहिली बोट धरा आणि अकराला परत या. सासूबाई घरी.

जमिनीखालचं मंदिर, म्हणजे हाल साफ्लिएनीचं हायपोजियम. पाच हजार वर्षांहून जुनं, खडक कोरून केलेलं तीन मजली दफनस्थान. आतली हवा बिघडू नये म्हणून तिथे एका वेळी दहाच माणसांना सोडतात, दिवसाला ऐंशी. ऑगस्टची तिकिटं काही महिने आधी संपतात. तुम्ही मार्चमध्ये पत्र लिहिलंत हे बरं केलंत. विमानाच्या आधी हे बघा, आणि ज्या दिवशी पाच तिकिटं मिळतील तो दिवस इतर सगळं हलवून मोकळा करा. नाही मिळाली तर गोझोवर शाआरा गावातली ज्गांतिया मंदिरं आहेत, इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधीची. वर उघडं आकाश, रांगेशिवाय.

आता त्या दोन दिवसांबद्दल, ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप.

सांता मारिया म्हणजे मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण. तो माल्टा-गोझो मिळून सात गावं आपापल्या चर्चचा उत्सव म्हणून साजरा करतात, त्यांतलं एक तुमच्या नणंदेचं मोस्टा. (गोझोची राजधानी व्हिक्टोरिया हे दुसरं. तिथे त्या दिवशी मुख्य रस्त्यावर घोड्यांच्या शर्यती लावतात. मोह होईल, आवरा.) गावात रस्त्यावर लाल-सोनेरी कापडाचे पट्टे टांगलेले, लाकडी चौथऱ्यांवर संतांचे पुतळे, चर्चच्या दर्शनी भागाला दिव्यांच्या माळा. सकाळी आठलाच आवाजी दारू सुटते. तिथले लोक हे फटाके वर्षभर गावच्या कारखान्यात स्वतः बनवतात, वर्गणी काढून, आणि शेजारच्या गावाहून आपला आवाज मोठा की नाही यावर वर्षभर बोलतात. तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही, तुम्ही ठाण्याच्या आहात. बीपी असलेल्या सासूबाईंना मात्र आधी सांगून ठेवा की सकाळी खिडक्या हादरतील. कानात घालायला कापूस न्या.

मुख्य आतषबाजी आदल्या रात्री असते, 14 ला. पंधराला संध्याकाळी मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते. पुढे बँड. तो गावातल्या बँड क्लबचा, आणि बँड क्लब म्हणजे आपलं मंडळच: स्वतःचं कार्यालय, स्वतःचे म्हातारे, स्वतःची भांडणं. गच्चीवरून कागदाचे कपटे उधळतात. ते केसांत, गळ्यात, कॉफीत पडतात, आणि घरी आल्यावर दोन दिवस चपलांतून निघत राहतात. चर्चसमोर नुगाचे ठेले लागतात. "उब्बायत" म्हणतात त्याला. मोठ्या वड्या समोरच फोडून वजनावर देतात. पांढऱ्या नुगात अंड्याचा पांढरा भाग असतो, सासूबाईंसाठी तपकिरी, नुसत्या साखर-बदामाचा मागा, तोही विचारून. आपल्या चिक्कीचा चुलतभाऊ आहे.

मोस्टाच्या चर्चचा घुमट मिरवणुकीच्या आदल्या सकाळी, गर्दी व्हायच्या आत बघा. 9 एप्रिल 1942 ला प्रार्थनेसाठी तीनशेच्या आसपास माणसं आत असताना जर्मन बॉम्ब तो घुमट फोडून खाली पडला आणि फुटला नाही. एकालाही इजा झाली नाही. तसल्या बॉम्बची प्रतिकृती आत ठेवली आहे. मुलं तिथेच अर्धा तास रेंगाळतील, रेंगाळू द्या.

आणि 15 ऑगस्टची तारीख तुमच्या मुलांना आणखी एका कारणाने लक्षात राहील. 1942 च्या त्या उन्हाळ्यात माल्टाला वेढा पडला होता, धान्य आणि इंधन संपत आलं होतं. इंग्रजांनी 14 मालवाहू जहाजांचा ताफा पाठवला, त्यातली पाचच पोचली. शेवटचं होतं ओहायो नावाचं तेलवाहू जहाज. बॉम्बांनी इतकं फुटलं होतं की बुडू नये म्हणून त्याला दोन विनाशिकांच्या मध्ये बांधून, जवळजवळ काखोटीला मारून बंदरात आणलं. तारीख 15 ऑगस्ट. तेव्हापासून तिथले लोक त्या ताफ्याला सांता मारियाचा ताफा म्हणतात. व्हॅलेटात बराक्का बागेच्या कठड्याला टेकून हे बंदर दाखवताना सांगा. मिस्टरांना इतिहासाची आवड असेल तर जोडीला हेही: 1878 मध्ये रशियाला धाक दाखवायला इंग्रजांनी सुमारे 7,000 हिंदुस्थानी शिपाई मुंबईहून सुएझमार्गे याच बेटावर आणून उतरवले होते, त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या.

श्रावणाचं बोलू. शाकाहाराची तिथे अडचण कमी आहे, पण फसगत होते. गल्लोगल्ली पास्तित्सी मिळतात, शंकरपाळ्याच्या आकाराचे खुसखुशीत पॅटिस, आत रिकोटा चीज किंवा वाटाणा. वाटाण्याचा म्हणजे शाकाहारी असं समजून आपण खातो, पण पापुद्र्याला पुष्कळदा डुकराची चरबी लावलेली असते. सासूबाईंना देण्याआधी नणंदेला विचारायला सांगा, दुकानदार खरं सांगतात. "होब्झ बिझ-झेयत" म्हणजे टोमॅटो चोळलेला पाव, त्यातही न सांगता ट्यूना भरतात. उपासाचं सामान घरूनच न्या: साबुदाणा, भगर, दाण्याचं कूट. पण युरोपीय संघात बाहेरून दूध-दुभत्याचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा काहीही नाही, सासूबाईंनी कितीही घट्ट बांधून दिलं तरी. आंबे, लिंबं, कढीपत्ता नाही. नारळ चालतो, केळी चालतात. गंमत आहे, पण नियम तसाच आहे.

व्हिसा शेंगेनचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे तुमच्यासाठी खिडकी आत्ताच उघडी आहे. उन्हाळी गर्दीत अपॉइंटमेंट मिळणं हेच खरं काम. मोठ्यांची फी 90 युरो, सहा ते अकरा वयाच्या मुलांची निम्मी. किमान 30,000 युरोचा प्रवास विमा. नणंदेकडे राहणार, तर तिच्या घराचे कागद आणि तिचं सहीचं पत्र लागेल. तिचं घर भाड्याचं, म्हणून घरमालकाला पाच पाहुण्यांचं आधी सांगितलेलं बरं. मुलांसाठी शाळेचं बोनाफाईड आणि रजा मंजुरीचं पत्र आजच मागा. सुट्टीच्या दिवशी तिथे औषधाची दुकानं पाळीपाळीने उघडी असतात, म्हणून सासूबाईंच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या, चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. बस सार्वजनिक सुट्टीला रविवारच्या वेळापत्रकाने धावतात. गाडी घेतलीत तर तिथेही डावीकडूनच चालवतात, तेवढं एक सोपं आहे.

राहिली ती गोष्ट जी तुमच्या पत्रात नाही, आणि मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तुम्ही भारताच्या सुट्ट्या पाहिल्यात, माल्टाच्या सुट्ट्या पाहिल्यात, मुलांची शाळा पाहिलीत. नणंदेची ड्यूटी कुणी पाहिली का? ती नर्स आहे. सांता मारियाला प्लंबरला सुट्टी असते, वॉर्डाला नसते. उलट त्या आठवड्यात स्थानिक सहकारी आधीपासून रजा टाकून गोझोला गेलेल्या असतात, आणि जिचं घरचं माणूस तिथे नाही तिच्या वाट्याला जास्तीच्या पाळ्या येतात. "या ना वहिनी" हे ती मनापासून म्हणते, पण घरी पाच पाहुणे, सासूबाईंचा उपास आणि रात्रपाळी एकत्र आली तर ती तुम्हाला कधीच "नको" म्हणणार नाही. वहिनीला आणि आईला तर नाहीच. म्हणून तुम्ही विचारा, मिस्टरांनी नाही. ते तिला "सुट्टी काढ" असं सांगून मोकळे होतील. तुम्ही फक्त एवढं विचारा: "14 आणि 15 ला तुझी पाळी कुठली?" तिला अजून रोस्टर मिळालं नसेल, तर त्या दोन दिवसांची रजा आत्ताच मागून ठेवायला सांगा. इतर दिवशी ती कामावर गेली तरी चालेल. घराची किल्ली द्यावी आणि झोपावं, जेवण तुम्ही कराल.

ती रजा नाहीच मिळाली, तर मात्र बेत सप्टेंबरवर न्या: शनिवार 5 ते शनिवार 12. मधल्या मंगळवारी 8 ला त्यांचा विजयदिन असतो, 1565 च्या तुर्की वेढ्याच्या शेवटाची आठवण. ग्रँड हार्बरमध्ये रंगीत होड्यांच्या शर्यती होतात, त्या कठड्यावरून फुकट दिसतात. पाणी तेव्हाही कोमट असतं आणि सासूबाईंचा श्रावण संपत आलेला असतो. गणपती 14 ला आहेत. परतल्यावर हातात एकच रविवार. तुमच्याकडे गणपती बसत असतील तर मखराचं काय करायचं ते जाण्याआधीच ठरवा.

पण माझा कौल ऑगस्टला. फोन आजच करा. माल्टा आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतं आणि मार्च संपेपर्यंत साडेचार. ती दिवसपाळीला असेल तर तुमच्या रात्री साडेअकराला तिचे सात वाजलेले असतील, तेव्हा सापडेल.